अवघड जागेचं दुखणं: माकडहाड, बसणं आणि घरी करायचे व्यायाम

'अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर' अशी आपल्याकडे म्हण आहे. माझ्या मावशीचा जावई खरंच डॉक्टर आहे. (डोळ्यांचा. पण तरी.)

गेल्या दिवाळीत मावशी आमच्याकडे राहायला आली होती. दोन दिवसांनी माझ्या लक्षात आलं, की ही बाई बसतच नाही. पोळ्या उभ्याने, टीव्ही उभ्याने, फराळाच्या गप्पाही भिंतीला खांदा टेकून. जेवताना बसलीच तर एका कुल्ल्यावर, तिरकी. शेवटी विचारलं तेव्हा म्हणाली, "अगं, पावसाळ्यात अंगणात शेवाळावरून घसरले, आणि बदकन बुडावर आपटले. बसलं की ठणकतं. उठताना तर जीव जातो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "जागाच अशी आहे बघ. कुणाला दाखवायचं?"

पडली तेव्हा तिने एकदा एक्स-रे काढला होता. हाड मोडलेलं नाही, फार विचार करू नका, असं ऐकून ती घरी आली. त्यानंतर दोन वर्षं गप्प.

आता आधीच सांगते. मी डॉक्टर नाही, डॉक्टरेट करतेय. माझा विषय आहे माणूस बसतो तेव्हा शरीराच्या कुठल्या भागावर किती भार येतो, आणि बसण्याची पद्धत बदलली की तो कसा सरकतो. म्हणजे मावशीचं दुखणं माझ्या अभ्यासाच्या अगदी शेजारी राहत होतं आणि मला पत्ता नव्हता. म्हणून ही पोस्ट. यात तीन गोष्टी सांगायच्या आहेत: माकडहाड का दुखतं, घरच्या व्यायामांबद्दल संशोधन काय म्हणतं, आणि ते व्यायाम नेमके कसे करायचे. एका वाक्यात सांगायचं तर, हाड ताणता येत नाही. पण हाडाला ओढणारे स्नायू सैल करता येतात आणि हाडावर येणारा भार दुसरीकडे वळवता येतो. बाकीची पोस्ट म्हणजे या वाक्याचं स्पष्टीकरण.

हे हाड करतं तरी काय?

पाठीचा कणा जिथे संपतो तिथे त्रिकास्थी नावाचं मोठं त्रिकोणी हाड असतं. त्याच्या खालच्या टोकाला छोटे छोटे मणके एकमेकांना जोडून माकडहाड बनतं. बहुतेकांत ते चार असतात, काहींत तीन, काहींत पाच. इंग्रजीतलं 'कोक्सिक्स' हे नाव मूळ ग्रीक आहे. ग्रीकमध्ये तो शब्द कुक्कू पक्ष्यासाठी होता, कारण हे वाकडं हाड त्या पक्ष्याच्या चोचीसारखं दिसतं. ग्रीकांना पक्षी आठवला, आपल्याला माकड.

'शेपटीचा उरलेला तुकडा, आता काही कामाचा नाही' असं आपण शाळेत ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. शेपूट गेली, पण खुंटी राहिली, आणि त्या खुंटीवर बरंच काही टांगलेलं आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. मूत्राशय, गुदाशय आणि बायकांच्या बाबतीत गर्भाशय यांना ती खालून आधार देते. तिला 'पेल्विक फ्लोअर' म्हणतात, मी इथे 'तळाची झोळी' म्हणणार आहे. तिची मागची बाजू माकडहाडाला येऊन मिळते. नितंबांच्या सगळ्यात मोठ्या स्नायूचे काही धागेही याच हाडापासून निघतात.

म्हणजे हाड बोटाच्या पेराएवढं, पण त्याला ओढणारे बरेच. तुम्ही शौचाला बसता, खोकता, उठता किंवा ताण आला म्हणून नकळत अंग आवळून धरता, तेव्हा दर वेळी या हाडावर थोडीफार ओढ बसते. एरवी ती जाणवत नाही. पण तिथला सांधा दुखावलेला असेल, तर तीच ओढ ठणका बनते. मग दुखतं म्हणून आपण स्नायू आणखी आवळतो, आवळले म्हणून आणखी दुखतं. हे चक्र लक्षात ठेवा. घरच्या व्यायामांचा सगळा खटाटोप ते तोडण्यासाठी आहे.

दोन मिनिटांचा प्रयोग

वाचता वाचता हे करून बघा. (आत्ता दुखत असेल तर नका करू, नुसतं वाचा.) कडक खुर्चीवर बसा आणि दोन्ही तळहात वर करून बुडाखाली घाला. दोन टणक उंचवटे हाताला लागतील. ही बैठकीची हाडं. ताठ बसलात तर जवळजवळ सगळा भार यांच्यावर असतो.

आता हात तिथेच ठेवून मागे रेला, पाठ गोल करा, मोबाईल बघताना बसतो तसं. उंचवटे पुढे सरकल्यासारखे वाटतात आणि मागे, मधोमध, काहीतरी खुर्चीला टेकायला लागतं. तिवईचा हा तिसरा पाय म्हणजे माकडहाड आणि त्याच्या वरचा भाग.

आमच्या लॅबमध्ये दाब मोजणारी चटई आहे. तिच्यावर माणूस बसला, की पडद्यावर रंगांत नकाशा उमटतो. मावशीला मी एकदा तिच्यावर बसवलं. पुढे झुकली की मागचा भाग निळा, रेलली की लगेच पिवळ्याकडे. ती पडद्याकडे बघत म्हणाली, "म्हणजे मला सोफ्यावरच जास्त का दुखतं, ते हे होय?" हो. मऊ सोफ्यात आपण रुततो, कंबर मागे कलंडते आणि तिसऱ्या पायावर भार येतो. ज्याला आपण 'आरामात बसणं' म्हणतो, ते या हाडासाठी सगळ्यात कष्टाचं बसणं आहे.

'मनाचे खेळ' नाहीत हे

या दुखण्याला वैद्यकात 'कॉक्सिडायनिया' म्हणतात. एडिंबरोच्या ज्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली, त्यांनीच १८५९ मध्ये या दुखण्याला नाव दिलं. पुढे कितीतरी काळ त्याच्याबद्दल दोन टोकाची मतं राहिली. एक, हाडच काढून टाका. दोन, हे दुखणं मनाचं आहे. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हे बरंच जास्त आढळतं, साधारण पाचपट असं पाठ्यपुस्तकांत असतं. त्यामुळे दुसरं मत किती सहज चिकटलं असेल याची कल्पना तुम्ही करू शकता.

बायकांनाच जास्त का? एक कारण त्यांच्या कमरेच्या हाडांची ठेवण. माकडहाड पुरुषांपेक्षा जास्त मागे आणि उघडं असतं. दुसरं बाळंतपण. बाळाचं डोकं बाहेर येताना हे हाड मागे ढकललं जातं आणि कधीकधी तिथला सांधा दुखावतो. यात मनाचा खेळ कुठे आला?

१९९१ मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी १२० रुग्णांवर पाच वर्षं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी निष्कर्षात स्पष्ट लिहिलं, की हा त्रास खरा आहे, त्याचं मूळ त्या जागच्या हाडा-स्नायूंत आहे, आणि आमच्या रुग्णांत मानसिक आजाराचा पुरावा मिळाला नाही. हे मी मावशीला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी तिने स्वतःहून लेकीला फोन करून सगळं सांगितलं. शोधनिबंधाचा असा उपयोग मी पहिल्यांदाच पाहिला.

मग एक्स-रेत काही का दिसलं नाही? याचं उत्तर फ्रान्सच्या ज्याँ-इव्ह मेन्य यांच्या कामात मिळतं. त्यांनी एक साधी गोष्ट केली. एक्स-रे दोनदा काढला: एकदा उभं असताना, एकदा दुखतं त्याच स्थितीत बसलेलं असताना. मग दोन्हींची तुलना केली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या २०८ रुग्णांच्या अभ्यासात साधारण ६९ टक्क्यांमध्ये काही ना काही सापडलं. कुणाचं माकडहाड बसताना प्रमाणाबाहेर वाकत होतं, कुणाचं मागे सरकत होतं, कुणाच्या टोकाला छोटा काटा होता. वजन जास्त असलेल्यांमध्ये मागे सरकण्याचा प्रकार जास्त, तर बारीक माणसांमध्ये पुढे सरकण्याचा आणि काट्याचा. थोडक्यात, दार उघडताना करकरतं अशी तक्रार असेल, तर बंद दाराचा फोटो काढून काय कळणार?

पण व्यायामाने फरक पडतो का?

आता थोडं सावकाश जाऊया, कारण इंटरनेटवर '५ मिनिटांत माकडहाडदुखी गायब' छापाचे व्हिडिओ भरपूर आहेत.

१९९१ च्या त्याच अभ्यासात आणखी एक वाक्य आहे: फिजिओथेरपीचा फारसा उपयोग झाला नाही. इंजेक्शनने ६० टक्के लोकांना आराम पडला, आणि इंजेक्शनबरोबर हाताने हाड हलवल्यावर सुमारे ८५ टक्क्यांना. साधारण पाचांपैकी एकाला शेवटी शस्त्रक्रिया लागली. हे वाचून कुणीही म्हणेल, व्यायाम सोडा, सुई टोचून घ्या. पण शोधनिबंध वाचताना एक सवय लावून घ्यावी लागते, ती म्हणजे शब्दाच्या आत काय भरलंय ते बघायची. त्या अभ्यासातली 'फिजिओथेरपी' म्हणजे मुख्यतः यंत्राने दिलेला शेक होता. स्नायू ताणण्याचे व्यायाम त्यात तपासलेच गेले नव्हते. त्यामुळे 'शेकाने फार फरक पडला नाही' एवढाच अर्थ त्यातून काढता येतो.

ताणाच्या व्यायामांवरचा एक अभ्यास आपल्याकडचाच आहे, ओडिशातल्या ओलटपूरच्या स्वामी विवेकानंद राष्ट्रीय पुनर्वास संस्थेतला. मोहंती आणि पटनाईक या दोन संशोधकांनी तो २०१७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी ४८ रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला फक्त दोन स्नायूंचे ताण दिले. दुसऱ्याला तेच ताण आणि पाठीच्या आखडलेल्या मणक्यांची हालचाल. तिसऱ्याला नेहमीचे उपाय, म्हणजे गादी, कोमट पाण्यात बसणं वगैरे. हे तीन आठवडे चाललं. दुखण्याशिवाय किती वेळ बसता येतं आणि ती जागा किती दाब सोसते हे त्यांनी मोजलं. दोन्हींत ताणाचे व्यायाम करणारे गट नेहमीच्या उपायांच्या पुढे गेले.

ते दोन स्नायू कोणते? एक पिरिफॉर्मिस, त्रिकास्थीच्या आतल्या बाजूने निघून मांडीच्या हाडाकडे जाणारा, नितंबाच्या आत खोल असलेला. दुसरा इलिओसोआस, कमरेच्या मणक्यांपासून मांडीच्या आतल्या बाजूला येणारा, पाय उचलणारा. गंमत अशी, की दोघांपैकी एकही थेट माकडहाडाला जोडलेला नाही. पण पहिला तळाच्या झोळीला अगदी खेटून आहे आणि दुसरा कमरेचा कल ठरवतो. शेजाऱ्याने दोरी ताणून धरली, की आपल्या अंगणातला मांडवही कलतो, तसंच काहीसं.

आता हात राखून ठेवायची जागा. ४८ हा आकडा लहान आहे, तीन आठवडे हा काळ थोडा आहे, आणि ते व्यायाम तज्ज्ञांच्या हाताखाली झाले होते. शिवाय हे दुखणं पुष्कळांचं आपोआपही कमी होतं. मेन्य यांनीच २००६ मध्ये १०२ रुग्णांवर केलेल्या दुसऱ्या अभ्यासात हे छान दिसतं. त्यात हाताने, गुदद्वारातून, हाड आणि स्नायू हलवण्याच्या उपचाराची तुलना जवळजवळ निरुपयोगी अशा बाहेरच्या उपचाराशी केली होती. महिन्याभराने उपचार घेतलेल्या १०० पैकी ३६ जणांना चांगला आराम पडला होता. पण दुसऱ्या गटातल्या १०० पैकी २० जणांनाही पडला होता! ही वीस माणसं यूट्यूबवर 'मला या उपायाने बरं वाटलं' म्हणून शपथेवर सांगतील, आणि ती खोटं बोलत नसतील.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. हळुवार ताणाच्या व्यायामांच्या बाजूने थोडा पुरावा आहे, कारणही पटण्यासारखं आहे, नीट केले तर धोका कमी आहे आणि खर्च शून्य. करून बघायला एवढं पुरेसं आहे. हमी द्यायला मात्र पुरेसं नाही.

आधी बसणं

दिवसात वीस मिनिटं व्यायाम आणि आठ तास सोफ्यात रुतून बसणं, हा हिशेब जमत नाही. म्हणून हे आधी.

- गादी: मधे भोक असलेल्या गोल गादीपेक्षा मागच्या बाजूने 'यू' आकारात कापलेली गादी सहसा बरी पडते. गोल गादीचा मागचा काठ नेमका दुखऱ्या जागेजवळ येऊ शकतो. विकत मिळते, पण मावशीने गादीवाल्याकडून तीन इंच जाडीचा कडक फोम आणला, मागून मधोमध खाच कापली आणि वर जुन्या साडीची खोळ शिवली. फोम मऊ असेल तर दबतो आणि खाच असून नसल्यासारखी होते.
- पुढे झुका: पायांचे तळवे जमिनीवर, भार बैठकीच्या हाडांवर. टेबलावर कोपर टेकले तरी चालतं.
- उठताना: एकदम सरळ उठू नका. खुर्चीच्या कडेला या, पाय मागे घ्या, कमरेतून पुढे झुका, नितंब हलके आवळा आणि मग उठा. उठतानाची ती कळ बऱ्याच जणांची याने कमी होते.
- दर २०-३० मिनिटांनी उभं राहा. पाणी प्यायच्या निमित्ताने का होईना.
- जमिनीवर बसणं: पूजेला किंवा पंगतीला मांडी घालून बसलं की कंबर मागे कलंडते. काही महिने खुर्ची घ्या. 'खुर्ची मागितली तर लोक काय म्हणतील' हा प्रश्न ज्यांना दुखत नाही त्यांच्यासाठी सोडून द्या.
- दुचाकी आणि बस: खड्ड्यांचा मार थेट इथेच बसतो. बसमध्ये मागच्या चाकावरची आणि सगळ्यात मागची सीट टाळा.
- पोट साफ: कुंथणं म्हणजे तळाच्या झोळीवर जोर. पाणी, भाज्या, फळं, गरज पडली तर इसबगोल. कमोड असेल तर पायाखाली छोटा पाट घ्या.

घरी करायचे सहा व्यायाम

खाली जाड सतरंजी किंवा दुमडलेली गोधडी घ्या. दिवसातून एकदा किंवा दोनदा. ताण 'ओढल्यासारखा' जाणवला पाहिजे, 'टोचल्यासारखा' नाही. श्वास कुठेही रोखायचा नाही. क्रम शक्यतो हाच ठेवा.

१. पोटाने श्वास. पाठीवर झोपा, पोटऱ्या खुर्चीवर किंवा पलंगावर ठेवा. एक हात पोटावर. नाकाने श्वास घेताना पोट वर येऊ दे, आणि त्याच वेळी खालची झोळी सैल सुटतेय अशी कल्पना करा, लघवी सुरू होताना सोडतो तशी. श्वास सोडताना काहीही आवळू नका. पाच मिनिटं. 'हा काय व्यायाम?' असं वाटेल. पण ते चक्र आठवतंय ना? ते इथे तुटायला लागतं. पाठीवर झोपून दुखत असेल तर कुशीवर झोपून, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन करा.

२. एक गुडघा छातीशी. एक पाय वाकलेला, तळवा जमिनीवर. दुसरा गुडघा दोन्ही हातांनी हळू छातीकडे घ्या. २० ते ३० सेकंद. प्रत्येक बाजूला तीनदा. योगवर्गाला जाणाऱ्यांनी हे अर्धं पवनमुक्तासन समजा, फक्त डोकं उचलू नका.

३. चारचा आकडा. (इंग्रजी चार, मराठी ४ नव्हे, नाहीतर पाय अडकेल!) पाठीवर झोपून दोन्ही गुडघे वाकवा. उजवा घोटा डाव्या मांडीवर, गुडघ्याच्या थोडा वर ठेवा. इथेच उजव्या नितंबात खोल ताण जाणवला तर थांबा. नाही जाणवला तर डावी मांडी दोन्ही हातांनी धरून हळू छातीकडे आणा. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना तीनदा. ओडिशाच्या अभ्यासातल्या पहिल्या स्नायूसाठी हा घरगुती प्रकार. गुडघा दुखत असेल तर सोडून द्या.

४. एका गुडघ्यावर. उजवा गुडघा उशीवर टेकवा, डावा पाय पुढे, तळवा जमिनीवर. खुर्चीचा आधार घ्या. आता उजवा नितंब आवळा आणि पाठ न वाकवता अंग किंचित पुढे न्या. उजव्या जांघेत ताण येईल. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना तीनदा. हा दुसऱ्या स्नायूसाठी. सगळे जण इथे फार पुढे जातात आणि कमरेत बाक आणतात. तसं केलं तर ताण कमरेला बसतो, जांघेला नाही.

५. मांजर. दोन्ही हात आणि गुडघ्यांवर या. श्वास सोडत पाठ हळू वर गोल करा, श्वास घेत सरळ करा. किंचित खाली गेली तरी चालेल. आठ-दहा वेळा, अगदी छोट्या हालचालीत.

६. बालासन, पण गुडघे लांब. मांजरासारखंच राहून गुडघे फाकवा आणि बूड टाचांकडे न्या. टाचा आणि बूड यांच्यात जाड उशी हवीच, म्हणजे हाडाला काही टोचणार नाही. कपाळ हातांवर. अर्धा ते एक मिनिट, व्यायाम एकमधला श्वास घेत.

दोन-तीन आठवड्यांनी दुखणं कमी वाटलं तर सातवा जोडता येईल: पाठीवर झोपून, गुडघे वाकवून, नितंब आवळत कंबर थोडी उचलायची, तीन सेकंद धरायची, सावकाश खाली. दहा वेळा. नितंबात ताकद आली की बसता-उठताना हाडाला सोबत मिळते.

हे मात्र नको

सिट-अप, नौकासन, पाय लांब करून पुढे वाकायची आसनं, जमिनीवर बूड घासत किंवा उड्या मारत केलेलं काहीही, आणि दुखणं असेपर्यंत सायकल. आणखी एक, जे ऐकून बऱ्याच जणी चकित होतात. बाळंतपणानंतर सांगितले जाणारे तळाचे स्नायू आवळण्याचे व्यायाम चांगले असतात, पण स्नायू आधीच आवळलेले असतील तर माकडहाडाचं दुखणं त्यांनी वाढू शकतं. तुम्हाला ते सांगितले असतील तर मनाने बंद करू नका. ज्यांनी सांगितले त्यांना हे दुखणं सांगा आणि विचारा. गरोदर असाल तर वरच्या यादीतलं काहीही विचारल्याशिवाय नको.

व्यायामानंतर थोडं जाणवणं ठीक. पण दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच असेल, तर तो व्यायाम निम्मा करा किंवा थांबवा. 'सहन केलं की बरं होतं' हे तत्त्व इथे लागू नाही.

इथे घर संपतं

पुढचं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा:

- लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, लघवी अडली, मांड्यांच्या आत किंवा बसायच्या जागी बधिरपणा आला, पायातली ताकद गेली. यात तासही घालवू नका, थेट रुग्णालयात.
- ताप, त्या जागी सूज, गाठ, पू किंवा ओल. फटीच्या वरच्या टोकाशी केसांमुळे होणारी गाठ माकडहाडदुखी समजून शेकत बसणारे पुष्कळ असतात.
- शौचातून रक्त, कारण नसताना वजन कमी होणं, रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं.
- जोरात पडल्यानंतरचं असह्य दुखणं.
- सहा ते आठ आठवडे हे सगळं नीट करूनही फरक नाही.

शेवटच्या मुद्द्यात घाबरण्यासारखं काही नाही. पुढे बसून काढलेला एक्स-रे आहे, तळाच्या झोळीवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट आहेत, इंजेक्शन आहे. हाड काढायची वेळ थोड्यांवरच येते. आणि डॉक्टरांना सांगताना 'कंबर दुखते' असं मोघम सांगू नका. बोट ठेवून दाखवा. बसल्यावर दुखतं की उठताना, किती मिनिटांनी, कशावर बसल्यावर, हे लिहून न्या. तेवढ्या चार ओळींनी त्यांचं अर्धं काम होतं.

मावशीचं काय झालं?

मावशी पहिल्याच आठवड्यात कंटाळली. "श्वास काय घ्यायचा, तो तर घेतेच आहे मी," म्हणाली. गादी मात्र पहिल्या दिवसापासून आवडली. महिन्याभराने जावयानेच ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तिथून फिजिओथेरपिस्टकडे. त्या बाईंनी चारचा आकडा चुकीचा करतेय हे दाखवून दिलं. (म्हणजे मी फोनवरून चुकीचा शिकवला होता. म्हणून वर इतकं सविस्तर लिहिलंय.)

आता पाच महिने झालेत. दुखणं पूर्ण गेलेलं नाही. लांबच्या प्रवासात अजून ठणकतं. नक्की कशाने कमी झालं, गादीने, व्यायामाने की नुसत्या काळाने, हे मी सांगू शकत नाही. एका मावशीवरून निष्कर्ष काढला तर माझे गाइड मला उभं करतील. पण मागच्या महिन्यात भाचीच्या लग्नात ती साडीची खोळ घातलेली गादी काखेत मारून आली, पहिल्या रांगेत खुर्ची घेतली आणि मंगलाष्टकांपासून सप्तपदीपर्यंत बसून राहिली. शेजारच्या बाईंनी विचारलं, "हे काय आणलंत?"

मावशी म्हणाली, मोठ्याने, "माकडहाड दुखतं माझं."

त्या बाई क्षणभर गप्प झाल्या. मग जरा जवळ सरकून म्हणाल्या, "कुठे मिळते हो ही?"